हजार कोटींच्या आसपास

ही पुस्तिका एका संख्येविषयी आहे. अगदी शुद्ध सिलिकॉनचा लुडोच्या फाशाएवढा, म्हणजे एक घन सेंटिमीटरचा तुकडा घेतला आणि तो ३०० केल्विनला, म्हणजे सुमारे २७ अंश सेल्सिअसला ठेवला, तर त्यात वीज वाहून नेण्याजोगे मोकळे इलेक्ट्रॉन किती असतील? आजचे मान्य उत्तर ९६५ कोटी आहे. माझ्या विद्यार्थिदशेत पुस्तकांत ते १,४५० कोटी होते, काहींत सरळ १,५०० कोटी. आणि त्याच पुस्तकातले आकडे त्याच पुस्तकातल्या सूत्रात घालून मी परीक्षेत गणित सोडवले, तेव्हा माझे उत्तर ६९५ कोटी आले.

ते खोडले गेले. शेजारी तांबड्या शाईत '१.५' (गुणिले १० चा १० वा घात, म्हणजे १,५०० कोटी) लिहिलेले होते आणि खाली शून्य गुण. १९८७ सालची गोष्ट आहे. बी.एस्सी.चे शेवटचे वर्ष, हातात लॉग टेबल, आणि एका बेरजेतही चूक नाही. पेपर परत मिळाल्यावर मी तेच गणित त्या संध्याकाळी चार वेळा केले. चारही वेळा ६९५. सरांना विचारले तेव्हा उत्तर मिळाले की पुस्तकात पंधराशे कोटी आहे ना, मग तुझेच कुठेतरी चुकले असणार. मी मान डोलावली आणि पुढची बरीच वर्षे माझेच चुकले असे धरून चाललो.

ही तीन उत्तरे, ६९५, ९६५ आणि १,४५०, एकमेकांशेजारी ठेवून पाहा. ६९५ हे खऱ्या आकड्यापेक्षा सुमारे अठ्ठावीस टक्क्यांनी कमी आहे. १,४५० हे पन्नास टक्क्यांनी जास्त आहे. खोडलेले उत्तर छापलेल्या उत्तरापेक्षा सत्याच्या जास्त जवळ होते. हे मला कळले तेव्हा मी स्वतः शिकवायला लागलो होतो. तेव्हापासून या एका गणितावर मराठीत काहीतरी सविस्तर लिहायचे मनात होते. अमडापूरला गावी परतल्यावर ते जमले.

आधी हा आकडा किती लहान आहे ते पाहू. हजार कोटी ऐकायला प्रचंड वाटते. पण एक घन सेंटिमीटर सिलिकॉनमध्ये अणू असतात ५ वर २२ शून्ये इतके. भागाकार केला की निघते, साधारण पाच लाख कोटी अणूंमागे एक मोकळा इलेक्ट्रॉन. आमच्या चिखली तालुक्यात आता सोयाबीन घरोघरी आहे, म्हणून मी मुलांना सोयाबीनचा हिशेब देतो. शंभर दाण्यांचे वजन साधारण अकरा ग्रॅम धरा. म्हणजे एका क्विंटलच्या पोत्यात नऊ लाख दाणे. पाच लाख कोटी दाण्यांसाठी अशी पंचावन्न लाख पोती लागतील. पंचावन्न लाख क्विंटलच्या त्या राशीत एकच दाणा वेगळा. सिलिकॉनमधला मोकळा इलेक्ट्रॉन इतका विरळा असतो, आणि तरीही त्याच्यावाचून या विषयातली कुठलीच आकडेमोड पुढे सरकत नाही.

तो मोकळा होतो कसा? सिलिकॉनच्या प्रत्येक अणूचे चार बाहेरचे इलेक्ट्रॉन चार शेजाऱ्यांशी बांधलेले असतात. निरपेक्ष शून्य तापमानाला सगळे जागच्या जागी. उष्णता मिळाली की अणू थरथरतात आणि एखादा बंध तुटतो. बंध तोडायला लागणारी ऊर्जा, जिला कॉलेजात आपण बँड गॅप म्हणतो, १.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. उलट ३०० केल्विनला उष्णतेमुळे वाट्याला येणारी ऊर्जा, बोल्ट्झमनचा स्थिरांक गुणिले तापमान, फक्त ०.०२६ च्या जवळ. म्हणजे गरज मिळकतीच्या त्रेचाळीस पट. आठवडी बाजारात आलेल्यांच्या खिशात सरासरी शंभर रुपये असतील, तर त्रेचाळीसशे रुपये बाळगणारा एखादाच सापडेल. तो सापडण्याची शक्यता घातांकाने घसरत जाते, आणि या गणिताचा जीव त्या घातांकात आहे.

बंध तुटला की एका वेळी दोन गोष्टी घडतात. इलेक्ट्रॉन सुटतो आणि त्याची जागा रिकामी राहते. शेजारच्या बंधातला इलेक्ट्रॉन त्या रिकाम्या जागेत आला की ती जागा तिकडे सरकते, म्हणजे रिकामी जागाही वीज वाहते. तिला इंग्रजी पुस्तकात होल म्हणतात आणि मीही होलच लिहिले आहे. 'छिद्र' लिहून पाहिले, पण मुलांच्या डोळ्यांसमोर सिलिकॉनच्या चकतीला पडलेले भोक येते आणि ते काढून टाकायला निम्मा तास जातो. मराठी विश्वकोशाने सेमीकंडक्टरसाठी 'अर्धसंवाहक' योजला आहे. शाळेत 'अर्धवाहक' रुळला आहे, म्हणून मी तो घेतला. बाकी इंट्रिन्सिक (म्हणजे भेसळ नसलेला), डोपिंग (मुद्दाम केलेली भेसळ), बँड गॅप हे शब्द प्रयोगशाळेत रोज तोंडी असतात, ते तसेच ठेवले आहेत.

आता सूत्र. शब्दांत सांगायचे तर असे: वरच्या पट्ट्यात (मोकळ्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जांचा पट्टा) इलेक्ट्रॉनला बसायला मिळणाऱ्या प्रभावी जागा, गुणिले खालच्या पट्ट्यात (बांधलेल्या इलेक्ट्रॉनांचा) होलला मिळणाऱ्या जागा, गुणिले ई या संख्येचा उणे घात, आणि तो घात म्हणजे बँड गॅप भागिले उष्णतेची ऊर्जा. हा जो गुणाकार येतो तो इलेक्ट्रॉनांची संख्या गुणिले होलांची संख्या. शुद्ध पदार्थात दोन्ही सारख्याच, कारण जोडीनेच जन्मतात. म्हणून वर्गमूळ काढायचे. वर्गमूळ काढले की घातांक अर्धा होतो, त्रेचाळीसचा एकवीस पूर्णांक काहीतरी. सगळ्यात जास्त मुले इथे घसरतात. वर्गमूळ जागांचे काढतात आणि घातांक तसाच ठेवतात, मग उत्तर इतके कोसळते की घन सेंटिमीटरमध्ये पाच-सात इलेक्ट्रॉनसुद्धा उरत नाहीत. असे उत्तर आले की घाबरू नका, 'दोन' कुठे राहिला ते शोधा.

जुन्या पुस्तकातले आकडे घेऊन ते एकदा इथेच करू, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. इलेक्ट्रॉनच्या जागा १० च्या १९ व्या घाताच्या २.८ पट, होलच्या १.०४ पट. २.८ गुणिले १.०४ म्हणजे २.९१२, वर्गमूळ १.७०६. घातांक १.१२ भागिले दोनदा ०.०२५९, म्हणजे २१.६२. लॉग टेबलासाठी २.३०३ ने भागा, ९.३९ येते. त्याचा उणे अँटिलॉग १० च्या उणे दहाव्या घाताच्या ४.०७४ पट. गुणाकार करा. ६.९५, आणि मागे नऊ घात. ६९५ कोटी.

हाच हिशेब ०.०२५९ ऐवजी ०.०२५८५ घेऊन करा, आणि उत्तर ६६६ कोटी होते. चौथ्या दशांश स्थळावर अर्ध्या एककाचा फरक केला आणि एकोणतीस कोटी इलेक्ट्रॉन गेले. बँड गॅप १.१२ ऐवजी १.११ घेतला तर उत्तर एकवीस टक्क्यांनी वाढते. भौतिकशास्त्रात इतके हळवे सूत्र पदवीच्या मुलांसमोर फार वेळा येत नाही. म्हणून मी वर्गात सांगतो की या गणितात उत्तराच्या शेजारी कोणते आकडे घेतले ते लिहिल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही. परीक्षकांनाही माझे हेच सांगणे आहे.

मग पुस्तकातले १,४५० आणि पुस्तकातल्याच आकड्यांतून येणारे ६९५ यांत दुपटीहून जास्त फरक का? दोन्ही आकडे वेगवेगळ्या वाटांनी आले आहेत आणि दोन्ही वाटांत एकेक खड्डा होता.

पहिली वाट मापनाची. १९५४ साली बेल लॅबमधल्या मोरिन आणि मैता यांनी सिलिकॉन व जर्मेनियमची विद्युतवाहकता वेगवेगळ्या तापमानांना मोजली. पण वाहकता मोजली म्हणजे वाहकांची संख्या मोजली असे होत नाही. वाहकता म्हणजे संख्या गुणिले ते किती चपळाईने हलतात. ती चपळाई वेगळी काढावी लागते. शिवाय खोलीच्या तापमानाला शुद्ध सिलिकॉन मिळणेच अवघड. हजार कोटी म्हणजे पाच लाख कोटी अणूंत एक, आणि तितकी भेसळ उरली तरी मापनात दिसतो तो भेसळीचा आकडा. म्हणून जास्त तापमानाला मोजायचे आणि खाली आणत जायचे. सूत्र इतके हळवे असताना खाली आणताना थोडीशी चूकही फुगते. जुन्या मापनांतून पुस्तकांत स्थिरावलेला १,४५० चा आकडा असा वर राहिला.

दुसरी वाट हिशेबाची. पट्ट्यातल्या जागा मोजायला इलेक्ट्रॉन आणि होल यांचे प्रभावी वस्तुमान लागते, म्हणजे स्फटिकाच्या आत ते किती जड असल्यासारखे वागतात ते. हे वस्तुमान १९५० च्या दशकात द्रवरूप हेलियमच्या थंडीत, ४ केल्विनच्या आसपास मोजले गेले. मापन उत्तम होते. पण ४ केल्विनचे होल आणि ३०० केल्विनचे होल सारखे जड नसतात. गरम सिलिकॉनमध्ये होल अधिक जड वागतो, म्हणून त्याच्या जागाही जास्त. जुन्या १.०४ ऐवजी ३०० केल्विनला ३.१ घ्यायला हवे. थंडीतले वस्तुमान उष्णतेत वापरले म्हणून ६९५ खाली राहिले.

हे दोन्ही खड्डे एकत्र दाखवून देणारा लेख १९९० साली आला. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातले मार्टिन ग्रीन यांनी जुनी सगळी मापने पुन्हा तपासली, वस्तुमानांचे तापमानानुसार बदल जमेस धरले आणि ३०० केल्विनसाठी १,०८० कोटी हा आकडा मांडला. वर्षभरातच, १९९१ मध्ये, स्प्राउल आणि ग्रीन यांनी अतिशय चांगल्या प्रतीच्या सिलिकॉनची खास उपकरणे बनवून, त्यांतला प्रवाह मोजून, १,००० कोटी काढले, आणि त्यातली अनिश्चितता तीन टक्के असल्याचे सांगितले. १९९३ मध्ये ग्रीसमधल्या मिसियाकोस आणि त्सामाकिस यांनी वेगळ्याच पद्धतीने ९७० काढले. २००३ मध्ये आल्टरमाट आणि सहकाऱ्यांनी १९९१ च्या मापनाचा अर्थ नव्याने लावला. उपकरणातल्या डोपिंगमुळे बँड गॅप किंचित आकसतो, तो हिशेबात घेतल्यावर ९६५.

म्हणजे जगात कोट्यवधी ट्रान्झिस्टर विकले जात होते, माणूस चंद्रावर जाऊन आला होता, आणि त्या उद्योगाच्या मुळाशी असलेल्या पदार्थाचा पहिला आकडा पुस्तकात दीडपट चुकलेला होता. १९८७ साली मला शून्य देणाऱ्या शिक्षकांना हे कळण्याचा मार्ग नव्हता, हेही मी मान्य करतो. पण पुस्तकातलेच दोन आकडे एकमेकांशी भांडत होते, ते तर त्यांच्या समोर होते. मुलाची आकडेमोड बरोबर असेल आणि उत्तर जुळत नसेल, तर शिक्षकाने ते गणित स्वतः बसून करावे, एवढी अपेक्षा मी आजही ठेवतो.

ग्रीन यांना या आकड्याची इतकी निकड का होती? ते सौर सेल बनवत होते. १९८५ साली त्यांच्याच गटाने वीस टक्के कार्यक्षमतेचा पहिला सिलिकॉन सेल करून दाखवला. सौर सेलचे व्होल्टेज ठरते ते आतून होणाऱ्या गळतीवर, आणि ती गळती आपल्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असते. संख्या दीडपट चुकली की गळती सव्वादोन पट चुकते आणि प्रत्येक सेलच्या व्होल्टेजच्या हिशेबात सुमारे एकवीस मिलिव्होल्टचा घोळ होतो. एकेका मिलिव्होल्टसाठी झगडणाऱ्या माणसाला हा घोळ परवडणार नव्हता. त्याच प्रयोगशाळेत १९८९ साली पुढे आलेली 'पर्क' नावाची सेलरचना गेल्या काही वर्षांत बाजारात इतकी पसरली की आमच्या शिवारातल्या बऱ्याच पॅनेलांत ती आहे.

शिवाराचा विषय निघाला म्हणून थोडे त्याबद्दल. अमडापूर हे चिखली-खामगाव रस्त्यावरचे गाव, आमच्या बोलीत घाटावरचे. खामगाव, शेगाव, मलकापूर घाटाखाली. उन्हाळ्यात घाटाखाली ऊन जास्त भाजते, पण घाटावरही मे महिन्यात बेचाळीस अंश सहज होतात. गेल्या काही वर्षांत कुसुम योजनेतून आणि मग 'मागेल त्याला सौर कृषीपंप' योजनेतून तीन, पाच, साडेसात अश्वशक्तीचे सौर पंप बांधाबांधावर आले. सर्वसाधारण शेतकऱ्याचा वाटा दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींचा पाच. रात्री-अपरात्री लाइन यायची वाट पाहत विहिरीवर बसणे संपले, ही माझ्या मते या भागातली मोठी सोय आहे.

अशाच एका शेजाऱ्याने मला विचारले, "सर, मे महिन्यात ऊन इतकं कडक, तरी पंपाचं पाणी कमी काहून पडते?"

पहिले उत्तर विहिरीत आहे. पातळी खाली गेली की उपसा घटतो. दुसरे पॅनेलवरच्या धुळीत, ती फडक्याने पुसून निघते. पण तिसरे उत्तर या पुस्तिकेत आहे आणि ते पुसून जात नाही. सौर पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नको असते.

मी ते गच्चीवर करून पाहिले. बहात्तर सेलचे एक जुने पॅनेल आणले, लोखंडी घोडीवर दक्षिणेकडे तिरपे ठेवले आणि कशालाही न जोडता त्याचे व्होल्टेज मल्टिमीटरने मोजत गेलो. जानेवारीत सकाळी नऊ वाजता, काच हाताला गार लागत असताना, ४४.६ व्होल्ट. मे महिन्यात दुपारी दोन वाजता मागच्या पांढऱ्या पत्र्याला बोट टेकवले तर चटका बसला. तिथे चिकटवलेला तापमापक ६६ अंश दाखवत होता. व्होल्टेज ३९.८. ऊन जानेवारीपेक्षा कितीतरी जास्त, आणि व्होल्टेज जवळजवळ पाच व्होल्टनी कमी. (हे एकट्या सुट्या पॅनेलवर करा. पंपाला जोडलेल्या पॅनेलांची साखळी शेकडो व्होल्टची असते, तिची जोडणी सोडवायला जाऊ नका.)

आता हिशेब. मिसियाकोस आणि त्सामाकिस यांनी दिलेले सूत्र तापमानासाठी सोयीचे आहे, म्हणून पुस्तिकेत तेच वापरले आहे. २५ अंशांना, म्हणजे पॅनेलची कंपनी ज्या तापमानाला चाचणी घेते त्या तापमानाला, मोकळे इलेक्ट्रॉन निघतात ८३० कोटी. ६५ अंशांना १६,५०० कोटी. चाळीस अंशांच्या वाढीत वीसपट. गळती वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती चारशेपट. वाढलेली गळती व्होल्टेज खाली ओढते, प्रत्येक सेलमागे दर अंशाला साधारण दोन मिलिव्होल्ट. बहात्तर सेल, चाळीस अंश, म्हणजे पावणेसहा व्होल्ट. माझ्या गच्चीवरचा फरक पाचच्या आत राहिला, कारण जानेवारीतल्या त्या सकाळचे ऊन मंद होते. शक्तीच्या भाषेत सांगायचे तर दर अंशाला ०.३५ ते ०.४ टक्के तूट, चाळीस अंशांना चौदा ते सोळा टक्के. पाच अश्वशक्तीच्या पंपाची पॅनेले त्या वेळी सव्वाचारला काम करावे तशी करतात.

पॅनेल इतके तापते कसे, यालाही एक साधा हिशेब आहे. कंपनीच्या कागदावर सेलचे नेहमीचे कामाचे तापमान म्हणून ४५ अंशांच्या आसपासचा आकडा असतो. तो हवा २० अंश आणि ऊन दर चौरस मीटरला ८०० वॅट असतानाचा. म्हणजे ८०० वॅटला पंचवीस अंशांची भर, १,००० वॅटला एकतीस. बेचाळीसमध्ये एकतीस मिळवा, त्र्याहत्तर. वारा असला की थोडे उतरते. आयआयटी मुंबईच्या सौर संशोधन केंद्राने देशभर फिरून पॅनेलांच्या झिजेची पाहणी केली आहे, आणि तिच्यातही उष्ण प्रदेशातली पॅनेले थंड प्रदेशातल्यांपेक्षा लवकर झिजतात असेच आढळले आहे. म्हणून पॅनेलखाली वारा खेळता ठेवा, खाली गंजी रचू नका, असे मी शेजाऱ्यांना सांगतो. पत्र्याच्या छताला चिकटवून पॅनेल बसवणाऱ्यांनाही तेच सांगतो.

पुस्तकातली 'खोली' आणि आपली खोली यांतला फरकही इथे येतो. पुस्तकातली खोली ३०० केल्विनची. अमडापुरात मे महिन्यात पंख्याखाली तापमापक ३८ अंश दाखवतो, म्हणजे ३११ केल्विन. त्या खोलीतल्या सिलिकॉनमध्ये मोकळे इलेक्ट्रॉन असतात २,३५० कोटी, पुस्तकाच्या जवळजवळ अडीचपट. पुस्तिकेतली बरीच गणिते म्हणूनच मुद्दाम आपल्या तापमानांची आहेत: डिसेंबरच्या पहाटेचे १० अंश, जिथे उत्तर २२० कोटी येते, शाळेच्या पत्र्याच्या वर्गातले ४० अंश, आणि पॅनेलचे ६५.

जर्मेनियमवरही एक प्रकरण आहे. त्याचा बँड गॅप ०.६६, म्हणून खोलीच्या तापमानालाच त्यात सिलिकॉनच्या दोन हजार पटींहून जास्त वाहक असतात. १९४७ चा पहिला ट्रान्झिस्टर जर्मेनियमचा होता आणि जुन्या रेडिओंतले 'एसी १२८'सारखे ट्रान्झिस्टरही. ते उन्हाळ्यात का बिघडत याचे उत्तर याच सूत्रात आहे. शिवाय बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत बँड गॅप काढण्याचा प्रयोग बहुतेक ठिकाणी जर्मेनियमच्या डायोडवर होतो. डायोड तेलात बुडवायचा, हीटरने नव्वद अंशांपर्यंत न्यायचा, मग बंद करून उतरत्या तापमानाला दर पाच अंशांवर मायक्रोअ‍ॅमीटरचा आकडा लिहायचा. प्रवाहाचा लॉग आणि केल्विनमधल्या तापमानाचा व्यस्तांक यांचा आलेख सरळ रेषेत येतो, आणि तिच्या उतारातून ०.७ च्या आसपास उत्तर मिळते. चढत्या तापमानाला घाईने आकडे लिहिणाऱ्यांची रेषा वाकडी येते, कारण तेल तापलेले असते आणि डायोड अजून मागे असतो. मुलांनी आलेखाच्या कागदावर पट्टी ठेवून सरळ रेषा ओढली की घातांक म्हणजे काय ते त्यांना पहिल्यांदा दिसते. नंतर मी सूत्र फळ्यावर लिहिले तर ते ओळखीचे वाटते.

ही पुस्तिका कोणासाठी, तर अकरावी-बारावीला इंग्रजीत विज्ञान शिकताना अडखळणाऱ्या आणि बी.एस्सी.ला आल्यावर सूत्र पाठ करून वेळ मारून नेणाऱ्या आपल्या भागातल्या मुलामुलींसाठी. त्यांना गणित येत नाही असे मी कधीच मानले नाही. बाजारभाव, आडत, हमाली, तोलाई यांचा हिशेब ती तोंडी करतात. घातांकाचा हिशेबही त्यांच्याच भाषेत समोर आला तर ती करतील. म्हणून सगळे आकडे जमेल तिथे कोटींत लिहिले आहेत. १० चा १० वा घात म्हणताना जी मुलगी थबकते, ती हजार कोटी म्हणताना थबकत नाही.

शिक्षकमित्रांना एक विनंती. प्रश्नपत्रिकेत हे गणित घालाल तेव्हा जागांचे आकडे, बँड गॅप आणि तापमान प्रश्नातच द्या, आणि त्याच आकड्यांतून येणारे उत्तर बरोबर धरा. जुन्या आकड्यांतून ६९५ आले तर त्याला पूर्ण गुण द्या आणि शेजारी लिहा की आजचे मान्य उत्तर ९६५ आहे, कारण वर्गात सांगतो.

वाचकाने कॅल्क्युलेटर, कोरी वही आणि पेन घेऊन बसावे. मोबाइलमधला कॅल्क्युलेटर आडवा धरला की बहुतेक फोनांत घातांकाची कळ दिसते. तापमान आधी केल्विनमध्ये करून घ्यावे, २७३.१५ मिळवायला विसरू नये. पहिले गणित ३०० केल्विनचे आहे आणि त्याची चारही उत्तरे, जुन्या आकड्यांची दोन आणि नव्यांची दोन, शेवटच्या पानावर दिली आहेत.

अमडापूर, ता. चिखली, जि. बुलढाणा